मेडिकलच्या काउंटरवरून पाहिलेली एक आरोग्य-संदेश सेवा

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला असलेल्या एका बाजारगावात माझे औषधांचे दुकान आहे. आमच्याकडे त्याला नुसते 'मेडिकल' म्हणतात. आमच्या परिसरातील एक धर्मादाय रुग्णालय गेल्या दीड वर्षापासून मोबाइलवरून मोफत आरोग्य-संदेश सेवा चालवते आणि तिच्या पहिल्या आठवड्यापासून मी तिचा सभासद आहे. रुग्णालयाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या कामाच्या पद्धतीविषयी आहेत; असे काम हाती घेऊ पाहणाऱ्या कोणालाही त्या उपयोगी पडाव्यात एवढाच हेतू आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, की या सेवेने ज्या वस्तूंचा प्रचार केला त्यांपैकी काही मी विकतो, तेव्हा मी केलेले कौतुक वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

सेवेचे स्वरूप थोडक्यात असे आहे. व्हॉट्सॲपवर एक चॅनेल आहे, त्यावर रोज सकाळी आठच्या सुमारास मजकूर असलेले एक चित्र येते. सोमवारी आणि गुरुवारी अहिराणीतून दीड-दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश असतो. रविवारी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर एक चित्रफीत टाकली जाते. शिवाय एक चौकशी क्रमांक आहे, त्यावर प्रश्न लिहून किंवा बोलून पाठवला की रुग्णालयातील परिचारिका किंवा डॉक्टर उत्तर देतात. यासाठी एक पैसाही घेतला जात नाही.

अशा सेवेचे मोजमाप बहुधा किती जणांनी पाहिले आणि किती जणांनी आवडल्याचा अंगठा दिला यावरून केले जाते. हे रुग्णालयही आपल्या वार्षिक कार्यक्रमात तेच आकडे मोठ्या पडद्यावर दाखवते. माझे मोजमाप निराळे आहे: संदेश आला त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर लोक काय मागतात, कोणत्या शब्दांत मागतात आणि घरी नेऊन त्याचे काय करतात. ही कसोटी माझी नवी नाही. बांगलादेशात १९८० पासून पुढील दहा वर्षे ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन जुलाबावरचे मीठ-गुळाचे पाणी कसे करावे हे शिकवत होत्या. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे त्याचे माप होते. १ कोटी २० लाखांहून अधिक घरांपर्यंत ते काम पोहोचले, आणि त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट अशी, की कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरे केली एवढ्यावर ठरत नसे. नंतर दुसरा माणूस त्या घरी जाऊन आईला काय आठवते आणि ती पाणी बरोबर करते की नाही हे तपासत असे आणि त्यावर पैसे मिळत. त्या वेळी कोणाच्या हातात मोबाइल नव्हता, पण आज मोबाइलवरून आरोग्य सांगणाऱ्यांनी उचलावी अशी ही पद्धत आहे.

या कसोटीवर सेवेचा सर्वांत उजवा भाग म्हणजे उन्हाळ्यातील ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून प्यायच्या क्षार-साखरेच्या पाकिटाची, मालिका. आमच्या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, भुसावळचे तापमान तर राज्यभराच्या बातम्यांत येते. शेतमजूर, केळीच्या घडांची वाहतूक करणारे, लग्नाच्या वरातीत नाचणारे, सगळ्यांनाच ऊन लागते. माझ्याकडे येणाऱ्या माणसाची पहिली मागणी वर्षानुवर्षे एकच असे: 'भाऊ, अशक्तपणा आला आहे, सलाईन कुठे लावून मिळेल?' पाकीट दिले तर ते अर्धे एका पेल्यात टाकायचे आणि उरलेले अर्धे खिडकीत ठेवायचे, ही घरोघरची रीत होती. पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते थोड्या पाण्यात कालवले तर क्षारांचे प्रमाण वाढते आणि तान्ह्या मुलाला फायद्याऐवजी अपायच होण्याची भीती असते. जास्त पाण्यात कालवले तर त्याचा गुण कमी होतो. आतड्यातून मीठ आणि पाणी शरीरात शोषले जाण्यासाठी साखरेची ठरावीक साथ लागते, म्हणून हे माप पाळायचे असते. हे सगळे मी काउंटरवर सांगत असे, पण रांगेत चार माणसे उभी असताना सांगितलेले कानाआड जाते.

या सेवेने तीन ध्वनिसंदेश काढले. पहिल्यात एका आजीबाईचा आवाज होता आणि तिने लिटर हा शब्द उच्चारलाच नाही. शीतपेयाची किंवा पाण्याची विकत मिळणारी एक लिटरची बाटली घ्या, ती पाण्याने गळ्यापर्यंत भरा, त्यात अख्खे पाकीट टाका, असे तिने सांगितले. दुसऱ्या संदेशात, 'पोऱ्याले जुलाब व्हई राह्यनात ते त्याले पानी पाजनं बंद करू नका' या वाक्याने सुरुवात होती आणि आमच्याकडचा जुना समज, की पाणी पाजले तर जुलाब वाढतात, त्याला थेट हात घातला होता. तिसऱ्यात झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या, जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत, असे होते. पुढच्या आठवडी बाजाराला माझ्याकडे आलेल्या बायांनी 'बाटलीवालं पाकीट' मागितले. पाकिटाला हे नाव तोवर कोणी दिलेले नव्हते. ते त्या आजीबाईच्या आवाजातून आले होते. दोघी-तिघींनी कालवलेले पाणी किती वेळ चालते हेही विचारले, आणि ते चोवीस तासांनंतर फेकायचे असते हे सेवेने सांगितलेच नव्हते असे माझ्या ध्यानात आले. मी चौकशी क्रमांकावर तसे कळवले, आणि पुढच्या गुरुवारी चौथा संदेश निघाला. दुकानदाराच्या एका निरोपावर संदेश सुधारला जातो, हे मला या सेवेचे मोठेपण वाटले.

ओआरएसच्या बाबतीत आणखी एक काम सेवेने वेळेवर केले. फळांच्या चवीची गोड पेये कागदी डब्यांत भरून, त्यांवर ओआरएस ही अक्षरे ठळक छापून विकली जात होती आणि लोक ती औषध समजून जुलाब झालेल्या मुलांना पाजत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. वर्तमानपत्रात ही बातमी आतल्या पानावर आली होती. सेवेने मात्र दोन चित्रे शेजारी ठेवून, पाकिटावरील घटकांची यादी कशी वाचायची हे दाखवले. त्या आठवड्यात चार-पाच जणांनी माझ्यासमोर डबा उलटा करून मागची अक्षरे वाचली, त्यात दहावीत शिकणारी एक मुलगी आपल्या आजीला वाचून दाखवत होती. माझा त्या पेयांवरचा नफा बुडाला, हेही नमूद केले पाहिजे.

भाषेच्या बाबतीत सेवा एकाच वेळी उत्तम आणि निकृष्ट आहे. ध्वनिसंदेशांची अहिराणी अस्सल आहे, ती शहरात शिकलेल्याने ओढूनताणून बोललेली वाटत नाही. पण रोज सकाळचे चित्र कोणी वेगळाच माणूस करत असावा. त्यात 'अतिसार', 'निर्जलीकरण', 'प्रतिबंधात्मक उपाययोजना' असे शब्द येतात आणि चार ओळींत मावणारी गोष्ट चौदा ओळींत, बारीक अक्षरांत, गुलाबाच्या फुलांच्या चौकटीत बसवलेली असते. एक गृहस्थ मला तसे चित्र दाखवून म्हणाले, 'दादा, हे वाढदिवसाचं आहे का?' यात विनोद कमी आणि नुकसान जास्त आहे, कारण त्या चित्रात डेंग्यूच्या डासांसाठी आठवड्यातून एकदा रांजण-टाक्या रिकाम्या करून घासून वाळवण्याची सूचना होती आणि आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असल्याने तीच सूचना सर्वांत महत्त्वाची होती. याहून गंभीर उणीव म्हणजे डोंगरातील पाड्यांवर बोलली जाणारी पावरी आणि भिल्ली. सेवेत त्या भाषांतून दीड वर्षात एकही संदेश आलेला नाही. पाड्यांवरील लोक बाजारात अहिराणी समजून घेतात हे खरे, पण आजारी मुलाजवळ बसलेली बाई ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत संदेश यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आहाराच्या संदेशांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मधुमेहींसाठी ओट्स, ऑलिव्हचे तेल आणि ब्रोकोली सुचवणारे चित्र कोणत्या तरी शहरी संकेतस्थळावरून उचललेले होते हे उघड आहे. ज्वारी आणि उडदाच्या कळण्याची भाकरी ज्या घरात रोज होते, तिथे किती भाकरी खावी, भरितावर तेल किती ओतावे आणि मेहुणे आले की होणारी शेवभाजी आठवड्यातून किती वेळा चालेल, एवढे सांगितले असते तरी काम झाले असते.

आता अफवांकडे वळतो. मोबाइलवरची अफवा काय करू शकते हे खान्देशाला कोणी शिकवण्याची गरज नाही. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्यांविषयीचे संदेश त्याआधी मोबाइलवरून फिरत होते. देशभरातील अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या काळात, अनेकदा पुढे ढकललेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम केला. दुहेरी बाणाचे चिन्ह ज्यावर दिसते तो संदेश असा हातोहात फिरलेला असतो. हे चिन्ह म्हणजे काय, हे या सेवेने एका ध्वनिसंदेशात फार छान समजावून दिले: ज्या निरोपाला दोन बाण, तो कोणाच्या घरून निघाला हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

पण अफवा खोडण्याची सेवेची नेहमीची तऱ्हा मला मान्य नाही. लसीमुळे मुलीला पुढे मूल होत नाही, ही अफवा पावसाळ्यात आमच्याकडे फिरली, तेव्हा सेवेने तेच वाक्य मोठ्या लाल अक्षरांत छापले, त्यावर फुली मारली आणि खाली बारीक अक्षरांत 'हे खोटे आहे' असे लिहिले. लहान पडद्याच्या फोनवर फुली दिसत नव्हती. एका बाईने मला ते चित्र दाखवून सांगितले, की 'दवाखान्यानंच पाठवलं आहे, बघा.' दवाखान्याच्या शिक्क्यामुळे अफवेला वजन आले. अशा वेळी खरी गोष्ट वर, मोठ्या अक्षरांत लिहावी, अफवेचा उल्लेख एखाद्या ओळीत करावा आणि शेवटी पुन्हा खरी गोष्टच सांगावी. सेवेला मी हे कळवले. 'संबंधितांकडे पाठवले आहे' असे उत्तर आले. दोन महिन्यांनी 'मधुमेह मुळासकट घालवा' या चूर्णाच्या जाहिरातीबद्दल इशारा देतानाही अख्खी जाहिरात फोन क्रमांकासकट छापली गेली. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. त्या चूर्णवाल्याला मात्र सेवेमुळे आणखी चार गिऱ्हाइके मिळाली असतील.

माझी सर्वांत मोठी तक्रार खासगीपणाची आहे. सुरुवातीच्या काही महिन्यांत ही सेवा चॅनेल नसून साधा गट होता आणि त्यात सगळ्यांचे फोन क्रमांक सगळ्यांना दिसत. एका बाईने मासिक पाळीच्या त्रासाविषयी गटातच विचारले आणि त्यानंतर तिला नको त्या लोकांचे फोन येऊ लागले; तिने क्रमांक बदलला आणि सेवाही सोडली. पुढे गट बंद करून चॅनेल केले गेले. भारतात सप्टेंबर २०२३ पासून मिळू लागलेल्या या सोयीत सभासदांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, तेव्हा तो बदल योग्य झाला. पण त्याच चॅनेलवर पुढे सिकलसेल तपासणी शिबिराची छायाचित्रे टाकली गेली आणि त्यांत मुलांच्या हातातील कार्डे वाचता येत होती. सिकलसेल हा आपल्याकडे सातपुड्यातील भिल्ल, पावरा कुटुंबांत आढळणारा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या उच्चाटनाची मोहीम मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू केली, २०४७ चे लक्ष्य ठेवले, आणि तपासणीनंतर प्रत्येकाला त्याची स्थिती सांगणारे कार्ड देण्याची सोय केली. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजाराचा अंश पुढे देऊ शकणारे, असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून लग्नाआधी दोघांनी कार्डे ताडून पाहावीत असा त्यामागचा हेतू आहे. ती पाहणी त्या दोन घरांत व्हायची असते. कार्ड चॅनेलवर झळकले, तर सोयरिकीच्या बोलण्यात त्या मुलीचे नाव कायमचे मागे पडते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे समजावून सांगायला तिथे कोणी थांबत नाही. माझ्यासह काही जणांनी हरकत घेतल्यावर छायाचित्रे दुपारपर्यंत काढली गेली, पण तोवर ती किती फोनमध्ये उतरली असतील याचा हिशेब कोण देणार?

चौकशी क्रमांक दिवसा चांगला चालतो. मी मुद्दाम निरनिराळ्या वेळी प्रश्न पाठवून पाहिले. सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत बहुतेक वेळा तासाभरात उत्तर मिळाले, आणि एकदा 'याचे उत्तर फोनवर देता येणार नाही, पेशंटला घेऊन या' असे स्पष्ट सांगितले गेले, ते मला विशेष आवडले. संध्याकाळी सहानंतर मात्र यंत्र बोलते: '१ दाबा आहारासाठी, २ दाबा लसीकरणासाठी', असे करत सहापर्यंत. गेल्या आषाढात रात्री अकराच्या सुमारास माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मुलाला कापसाच्या शेतावरील खोपटात मण्यार चावली. मण्यारीचा दंश बहुधा रात्री झोपेत होतो, फारसा दुखत नाही, सुजतही नाही, आणि त्यामुळे माणसे सकाळपर्यंत थांबतात. तोवर पापण्या जड होऊन श्वास अडखळू लागलेला असतो. त्या मुलाच्या भावाने आधी या क्रमांकावर संदेश टाकला आणि सहाच्या सहा पर्याय वाचून झाल्यावर मला फोन केला. मी १०८ ला फोन करायला आणि पाय न हलवता, न चिरता, न आवळता त्याला ग्रामीण रुग्णालयात न्यायला सांगितले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालणारी लस सरकारी रुग्णालयात मिळते, ती मिळाली आणि मुलगा वाचला. त्याच महिन्यात सेवेने सर्पदंशावर दोन उत्तम ध्वनिसंदेश काढले होते हे मान्य केले पाहिजे. पण रात्रीच्या त्या यांत्रिक उत्तराच्या पहिल्या ओळीत १०८ हा आकडा असता, तर आठ-दहा मिनिटे वाचली असती.

संदेश पोहोचण्याच्या अडचणी सगळ्याच सेवेच्या माथी मारता येणार नाहीत. पाड्यांवर रेंज टेकडीवर चढल्यावर मिळते. बऱ्याच घरांत चांगला फोन एकच असतो, आणि तो घरधन्याच्या खिशात दिवसभर शेतात किंवा गुजरातेत कामावर असतो. पण यावर आमच्या गावातील आशाताईंनी आपणहून काढलेला मार्ग सेवेने अजून पुरता ओळखलेला नाही. त्या सोमवारचा आणि गुरुवारचा संदेश बाजारात उतरवून घेतात आणि अंगणवाडीत, बाळांच्या वजनाच्या दिवशी, छोट्या स्पीकरवर लावतात. मध्येच थांबवून पावरीत समजावतात आणि एखाद्या जिजीकडून ते वदवून घेतात. ऐकणाऱ्या बायका एकमेकींना अडवतात, विचारतात, हसतात. चॅनेलच्या आकडेवारीत हे सगळे मिळून एक श्रोता धरले जाते. रुग्णालयाने चित्रफितींवर होणारा खर्च थांबवून दहा-बारा गावांतील आशाताईंना चांगले स्पीकर दिले आणि पावरी बोलणारी एक व्यक्ती मानधनावर घेतली, तर माझ्या काउंटरवर त्याचा परिणाम एका ऋतूत दिसेल. रविवारच्या त्या चित्रफितींतून माझ्याकडे आजवर एकही प्रश्न आलेला नाही. त्यांत डॉक्टर पार्श्वसंगीतावर बोटाने हवेतले शब्द दाखवतात आणि अखेरीस 'संपूर्ण शरीर तपासणी, सवलतीत' अशी पट्टी सरकते. सेवाभावी कामाला ही पट्टी शोभत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे झाले, तर ध्वनिसंदेशांना मी पाच देईन, चौकशी क्रमांकाला दिवसा चार आणि रात्री शून्य, सकाळच्या चित्रांना दोन. चित्रफितींचे गुण मी राखून ठेवतो. ज्यांच्या घरी पाच वर्षांखालील मूल किंवा बाळंतीण आहे, त्यांनी सेवा जरूर घ्यावी, पण सकाळची चित्रे न उघडता फक्त सोमवार-गुरुवारचे ऐकावे, आणि स्वतःचे नाव, अहवाल किंवा छायाचित्र त्या क्रमांकावर पाठवण्याआधी ते कोण पाहणार आहे हे लेखी विचारून घ्यावे. यांत्रिक उत्तरात १०८ घालण्याची विनंती मी तीनदा पाठवली आहे. काल रात्री पुन्हा तपासले. अजून '१ दाबा आहारासाठी' असेच येते.